'पूरक' या शब्दाचे तीन अर्थ आणि कोल्हापूरचा खुराक

मराठीत आज 'पूरक आहार' हा शब्दप्रयोग निदान तीन भिन्न गोष्टींसाठी रूढ आहे. मूल सहा महिन्यांचे झाले म्हणजे आईच्या दुधाबरोबर त्याला जे अन्न सुरू करावयाचे, त्यास आरोग्यविषयक पत्रकांत 'पूरक आहार' म्हणतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली अंगणवाडीत जो शिधा वा जे शिजवलेले अन्न मिळते, त्याचे नाव 'पूरक पोषण आहार' असे आहे. आणि औषधांच्या दुकानांतून व व्यायामशाळांच्या आसपास डब्यांत, बाटल्यांत किंवा गोळ्यांच्या रूपाने जी प्रथिनांची चूर्णे, जीवनसत्त्वे व खनिजे विकली जातात, त्यांचेही भाषांतर 'पूरक आहार' किंवा 'आहारपूरक' असेच केले जाते. पहिल्या अन्नावाचून मूल खुरटते. दुसऱ्यावाचून गरीब घरातील मुलाच्या वाढीला धोका पोहोचतो. तिसऱ्यावाचून बहुसंख्य निरोगी माणसांचे काही अडत नाही. परंतु तिन्ही वस्तू एकाच शब्दाच्या छत्राखाली उभ्या राहिल्या की पहिल्या दोहोंची निकड तिसरीला आयतीच लाभते. हा केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नव्हे. शब्दाच्या या संदिग्धतेची किंमत पैशात आणि प्रकृतीत मोजावी लागते, आणि ती कशी, हे कोल्हापुरातील तालमींच्या उदाहरणावरून चांगले दाखविता येते.

इंग्रजी भाषेत या ठिकाणी दोन शब्द आहेत : 'कॉम्प्लिमेंट' आणि 'सप्लिमेंट'. दोहोंच्या मुळाशी 'भरणे' या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे, आणि संस्कृतातील ज्या धातूपासून 'पूर्ण', 'पूर्ती', 'पूरक' हे शब्द निघाले त्याच्याशी त्या धातूचे सख्खे नाते आहे. तथापि उपसर्गभेदाने इंग्रजीने दोन अर्थ वेगळे राखले. पहिल्याने जे अपुरे आहे ते पुरे होते. दुसऱ्याने जे आहे त्यात वरून भर पडते. मराठीने भाषांतर करताना दोहोंसाठी 'पूरक' हाच शब्द योजिला आणि हा भेद बुजविला. वस्तुतः दुसऱ्या अर्थासाठी मराठीजवळ उत्तम शब्द होता. वर्तमानपत्राची 'पुरवणी' आणि परीक्षेतील 'पुरवणी' हे शब्द विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाचे आहेत. मूळ उत्तरपत्रिका भरल्याखेरीज पुरवणी मागावयाची नसते, ही गोष्टही त्यांना सांगावयास नको.

व्याकरणात मात्र हा भेद मराठीने काटेकोरपणे सांभाळला आहे. शाळेतील वाक्यपृथक्करणात 'विधानपूरक' आणि 'विधेयविस्तार' अशी दोन निराळी घरे असतात. 'खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदकाचे मानकरी झाले' या वाक्यातील 'मानकरी' हा शब्द काढला तर वाक्य उभेच राहत नाही; खाशाबा काय झाले, हा प्रश्न लोंबकळत राहतो. याउलट '१९५२ साली' व 'हेलसिंकीत' हे शब्द गाळले तरी वाक्य सुखाने नांदते. त्याची माहिती तेवढी कमी होते. पहिले पूरक, दुसरे विस्तार. गाळून पाहणे, हीच येथली कसोटी. आहाराच्या प्रांतातही हीच कसोटी लावली तर पुष्कळशा वादांचा निकाल लागतो : अमुक द्रव्य गाळले तर शरीराचे वाक्य अपुरे राहते काय?

कोल्हापूरच्या बोलीला ही कसोटी परकी नाही. भाकरीबरोबर जे ओले कालवण खावयाचे त्याला या भागात 'कोरड्यास' म्हणतात. कोरड्या भाकरीला ज्याची गरज असते ते, असा अर्थ त्या शब्दातच दडलेला आहे. ठेचा, खर्डा, लोणचे ही मात्र 'तोंडी लावणी' होत. ती असली तर बरे, नसली तरी जेवण होते. पूरक आणि पुरवणी यांतील फरक शेतकऱ्याच्या ताटात असा पूर्वीपासूनच आहे.

आता तालमीकडे वळावे. तालमीची परिभाषा बहुतांशी अरबी-फारसीतून आलेली आहे. 'तालीम' म्हणजे मुळात शिक्षण. मराठीत तिचा अर्थ संकोच पावून मल्लविद्येचे घर, एवढाच उरला (नाटकाची तालीम हा त्याच शब्दाचा दुसरा वारस). 'वस्ताद' हा उस्ताद, 'पैलवान' हा फारसीतील वीरपुरुष, 'कुस्ती' हीही फारसी. 'खुराक' हा शब्दही फारसीतील 'खाणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला असून तेथे त्याचा अर्थ अन्न एवढाच आहे. हिंदीत त्याला औषधाची एक मात्रा असाही अर्थ आला. मराठीने मात्र निराळीच वाट धरली. मराठीत जेवण ते जेवण. खुराक म्हणजे विशिष्ट श्रमासाठी, विशिष्ट हेतूने, नेमाने दिलेले जादा व कसदार अन्न. तो शर्यतीच्या बैलाला लावतात, घोड्याला लावतात आणि पैलवानाला लावतात. जेवण 'करतात', खुराक 'लावतात'. कारण तो लावणारा वस्ताद असतो आणि श्रम थांबले की तो तोडणाराही तोच असतो. खुराक ही अशा रीतीने मराठीतील खरीखुरी 'आहाराची पुरवणी' होय. ती अन्नाचीच आहे आणि तिला श्रमाची अट जोडलेली आहे.

या खुराकाला कोल्हापुरात राजाश्रय लाभला. शाहू छत्रपतींनी (१८७४–१९२२) मल्लविद्येला जो उदार आश्रय दिला, त्यात मल्लांच्या निवाऱ्याइतकीच त्यांच्या खुराकाची तरतूद महत्त्वाची होती. १९१२ मध्ये खासबागचे कुस्ती मैदान उभे राहिले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींतून पिढ्यान्पिढ्या खेडोपाडीची मुले येऊन राहिली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि खुराकाचा भार दरबारावरून क्रमाने गावकऱ्यांवर, सहकारी संस्थांवर आणि मुख्यतः मुलांच्या आईबापांवर आला. मुलाला तालमीत ठेवणे म्हणजे त्याचा खुराक पुरविणे, असाच तेव्हापासून या बाबीचा व्यवहारी अर्थ झाला आहे. घरची म्हैस, घरची ज्वारी, घरचे तूप हे त्याचे भांडवल. पावडरचा डबा या व्यवस्थेत प्रवेश करतो तेव्हा घरच्या म्हशीचे काम बाजाराकडे जाते. अल्पभूधारक शेतकऱ्याला हा फरक लहान नाही.

खुराकातील पदार्थ सर्वांच्या परिचयाचे आहेत : म्हशीचे दूध, बदाम, तूप, अंडी, मटण, केळी. कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरे व वेलदोडे घोटून केलेली थंडाई हा तालमीतील एक संस्कारच मानला जातो, कारण ती घोटणे हाही व्यायाम असतो. मटणाचा 'अळणी' रस्सा हाही त्यातलाच. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून दूध देण्याची चाल आहे. त्या 'धारोष्ण' दुधाचा गौरव भाषेने कितीही केला असला, तरी न तापविलेल्या दुधातून काही रोगजंतू माणसात येतात, हे वैद्यकाचे म्हणणे येथे नोंदविले पाहिजे. परंपरेत जे जे आहे ते सर्व निर्दोष, असा या विवेचनाचा आशय नाही.

हा खुराक प्रथिनांच्या मापाने मोजला तर काय दिसते? भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढ माणसासाठी शरीराच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. कष्टाचा सराव करणाऱ्या खेळाडूंसाठी क्रीडावैद्यकातील संस्था १.२ ते २ ग्रॅम इतके माप सांगतात. ८० किलो वजनाचा मल्ल घेतला तर सर्वांत वरच्या मापाने त्याला १६० ग्रॅम प्रथिने हवीत. म्हशीच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे ३.७ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे दोन लिटरांत सुमारे ७५ ग्रॅम. १०० ग्रॅम बदामांतून सुमारे २० ग्रॅम मिळतात. चार अंड्यांतून सुमारे २५. ४०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे ४०. बेरीज १६० होते, आणि यात डाळ, उसळ व मटण यांचा हिशेब अद्याप धरलेला नाही. ज्याच्या ताटात एवढे पडते त्याच्या आहारात चूर्णाने कोणती पोकळी भरावयाची? उत्तरपत्रिकेत पाने कोरी असताना पुरवणी मागण्याचाच हा प्रकार होय. किंबहुना पाने भरलेली असूनही प्रश्नच संपल्यावर ती मागण्याचा. २०२४ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत वरील दोन्ही संस्थांनी स्नायू वाढविण्यासाठी प्रथिनांची चूर्णे घेणे टाळावे, असे स्पष्ट सांगितले आहे.

या हिशेबाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती खुराकाच्या कैवाऱ्यांना रुचणारी नाही. त्याच दोन लिटर दुधातून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश पोटात जातो, बदाम व तूप निराळेच. पहाटेपासून जोर-बैठका मारणाऱ्या, हौद्यात तासन्‌तास लढणाऱ्या मुलाला तो चालतो. परंतु पुष्कळदा मेहनत थांबते आणि खुराक थांबत नाही. मग पैलवान 'सुटतो'. खुराक तोडणे हे खुराक लावण्याइतकेच शास्त्र आहे. जुने वस्ताद ते जाणत होते.

त्यांचे हे ज्ञान क्रियापदांत साठलेले आहे. मराठीत अन्न नुसते खाल्ले जात नाही. ते 'पचते', 'जिरते', 'मानवते', 'बाधते', 'अंगी लागते'. यांतील वाक्यरचना पाहण्याजोगी आहे. 'त्याला दूध मानवते', 'खाल्लेले त्याच्या अंगी लागत नाही' : येथे कर्ता अन्न आहे, आणि खाणारा चतुर्थीत वा षष्ठीत बसला आहे. म्हणजे पोषणाचा निकाल शरीर लावते, खाणाऱ्याची इच्छा लावीत नाही, हे भाषेने गृहीत धरले आहे. 'तो प्रोटीन घेतो' या नव्या वाक्यात खाणारा कर्तेपदी येऊन बसला आणि घेणे हीच क्रिया पूर्ण झाली. जिरले की नाही, हा प्रश्न वाक्यातून गळाला. शरीराला मात्र तो गाळता येत नाही. स्नायूंच्या घडणीस लागतात त्याहून अधिक प्रथिने आली तर ती स्नायू म्हणून साठविण्याची सोय शरीरात नाही. त्यांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो आणि उरलेला अंश इंधन म्हणून जळतो किंवा मेद होतो. ज्याची मूत्रपिंडे आधीच अधू आहेत त्याला हा जादा भार सोसत नाही.

चूर्णाच्या डब्यावरील 'व्हे' हा शब्दही थोडा उलगडला पाहिजे, कारण परकेपणामुळे त्याला नसते गूढ प्राप्त झाले आहे. दूध नासवून चीज करताना जे पाणी सुटते ती 'व्हे', म्हणजेच मराठीतील निवळी. श्रीखंडासाठी चक्का टांगला की फडक्यातून जे पाणी गळते, ते त्याच जातीचे. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन व सुमारे २० टक्के या निवळीतील असतात. चीजच्या कारखान्यांना एके काळी या निवळीचे काय करावे ही अडचणच होती. ती गाळून, वाळवून तिचे चूर्ण करण्याच्या युक्तीने ती मौल्यवान ठरली. निवळीचे प्रथिन गुणाने उत्तम आहे यात शंका नाही. पण जो मुलगा रोज दोन लिटर दूध पितो तो निवळी पितच असतो.

येथे 'सत्त्व' या शब्दाकडे वळणे प्राप्त होते. १९१२ साली, म्हणजे खासबागचे मैदान पुरे झाले त्याच वर्षी, कॅसिमिर फंक या पोलिश शास्त्रज्ञाने 'व्हिटॅमिन' हा शब्द बनविला. त्याचा पहिला भाग लॅटिनमधील 'जीवन' या अर्थाचा आहे. दुसरा 'अमाईन' या रासायनिक वर्गाचा. पुढे ही सर्व द्रव्ये अमाईन नाहीत असे आढळले, तरी नाव टिकले. मराठीने त्यास 'जीवनसत्त्व' म्हटले, आणि भाषांतरात मुळाहून अधिक वजन आले. सत्त्व म्हणजे सार, कस, वस्तूतील खरा अंश. ते काढून घेतले की उरतो तो चोथा, अशी कल्पना या शब्दामागे उभी असते. अन्नातले सत्त्व जर गोळीत मिळत असेल तर अन्न कशास हवे, असा तर्क या शब्दाने सहज सुचतो.

घरगुती व्यवहारातील 'नाचणीचे सत्त्व' हे याचे बोलके उदाहरण होय. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून तळाशी जो पांढरा साका बसतो तो वाळवून बाळाला देतात. तो पचावयास हलका असतो हे खरे. परंतु नाचणीचे वैशिष्ट्य असलेल्या कॅल्शियमचा व तंतूंचा मोठा वाटा तिच्या सालीत असतो आणि तो चोथ्याबरोबर बाहेर जातो. साक्यात मुख्यतः पिष्ट उरते. नाव सत्त्वाचे आणि सत्त्व चोथ्यात, असा हा उलटा न्याय. युरोपातही हेच घडले होते. यूस्टुस फॉन लीबिग या थोर रसायनज्ञाच्या नावाने १८६५ मध्ये मांसाचा अर्क विकणारी कंपनी निघाली. तो अर्क म्हणजे मांसाचे सार अशी त्याची ख्याती झाली. प्रत्यक्षात अर्कात चव व क्षार उतरले, बहुतेक प्रथिने मात्र मागे राहिली.

वेगळे काढलेले द्रव्य अन्नात असताना जसे वागते तसेच सुटे वागेल, असे मानता येत नाही, याचा सर्वांत कठोर धडा फिनलंडमध्ये मिळाला. गाजर-पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून त्यांतील बीटा-कॅरोटीन हे द्रव्य २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील प्रयोगात गोळीच्या रूपाने देण्यात आले. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील तशाच एका प्रयोगात हानी दिसू लागल्याने तो १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला. गाजर तेव्हाही निर्दोष होते व आजही आहे.

समग्र अन्नाच्या बाजूचा पुरावा भारतातच, आणि पुष्कळ आधी, जमा झाला होता. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे जे संशोधनकार्य आरंभिले त्यातूनच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था उदयास आली. त्यांनी उंदरांचे गट करून प्रत्येक गटाला भारतातील निरनिराळ्या समाजांचा रोजचा आहार दिला. पूर्ण गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, ताजी भाजी असा शीख आहार घेणारे उंदीर सर्वांत सुदृढ निघाले. त्याखालोखाल पठाणी व मराठा आहाराचे. सडीक तांदळावर मुख्य भिस्त असलेला मद्रासी आहार तळाशी राहिला. उंदरांवरून माणसांविषयी बोलताना सावधगिरी हवीच. पण येथे कसोटीला लागले होते ते सबंध ताट, सुटे सत्त्व नव्हे, ही या प्रयोगाची थोरवी आहे.

मग गोळी वा चूर्ण कधीच 'विधानपूरक' नसते काय? असते, आणि तेथे ते नाकारणे हा अपराध ठरेल. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. दूधदुभतेही वर्ज्य करणाऱ्याला ते बाहेरून घेतलेच पाहिजे. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. त्या काळात फॉलिक आम्ल कमी पडले तर ती उघडी राहण्याचा संभव वाढतो. पूर्वी असे मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिल्यास हा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, असे ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेच्या प्रयोगाने १९९१ मध्ये सिद्ध केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणूनच २०१८ च्या 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीला ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी १८० दिवस रोज द्यावयाची असते. गलगंडावरील उपाय म्हणून १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आलेले आयोडीनयुक्त मीठ हे तर असे पूरक आहे की ते पूरक असल्याचा लोकांना विसरच पडला. हे सर्व खरे पूरक. आणि नेमके हेच पूरक उपेक्षित राहते. सरकारी लाल गोळी 'उष्ण पडते', मळमळते म्हणून फडताळात पडून राहते, आणि त्याच घरातला मुलगा पावडरच्या डब्यासाठी हट्ट धरतो. फुकट मिळणाऱ्या पूरकाला मान नाही. विकत घेतलेल्या पुरवणीला आहे.

खेळाडूंच्या बाबतीतही सरसकट नकार देऊन चालणार नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ साली एकमताने काढलेल्या निवेदनात कामगिरीवर परिणाम करणारी म्हणून थोडीच द्रव्ये मान्य केली : कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-ॲलानिन आणि बायकार्बोनेट. यांतील क्रिएटिन हे १८३२ मध्ये शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाला मांसातच सापडले आणि ग्रीकमधील मांसवाचक शब्दावरूनच त्याला नाव मिळाले. अळणी रस्सा पिणाऱ्या मल्लाला ते थोडेफार त्यातून मिळतेच. या यादीतले काहीही अन्नाची जागा घेत नाही, हेही त्या निवेदनाने सांगितले आहे.

धोका निराळ्या ठिकाणी आहे. त्याच समितीच्या साह्याने कोलोन येथे झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत १३ देशांतून घेतलेल्या ६३४ आहारपूरकांपैकी ९४ मध्ये, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांत, वेष्टनावर न लिहिलेली संप्रेरकसदृश उत्तेजक द्रव्ये सापडली. उत्तेजकविरोधी नियमांनुसार खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. डब्यावर लिहिले नव्हते, हा बचाव त्याला निर्दोष ठरवीत नाही. भारतात २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने या व्यवस्थेला वैधानिक रूप दिले. वीस वर्षांच्या मल्लावर चार वर्षांची बंदी आली तर त्याचे मैदानातले आयुष्य अर्धे सरते.

अतिरेकाचाही प्रश्न आहे. 'मात्रा' हा शब्द भाषाभ्यासकाला छंदःशास्त्रातून ठाऊक असतो. वैद्यकातही तो तितकाच काटेकोर आहे. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे स्निग्धात विरघळणारी असल्याने जादा झाली तर ती सहजासहजी बाहेर टाकली जात नाहीत. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी, जी डॉक्टर आठवड्यातून एकदा सांगतात, ती कोणी दररोज घेऊ लागला तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. ताकद देणारी वस्तू जास्त घेतली तर जास्त ताकद येईल, ही समजूत 'शक्तिवर्धक' या विशेषणानेच पेरलेली आहे. 'रसायन' या शब्दाची गत याहून चमत्कारिक. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक असलेले रसायन म्हणजे वार्धक्य दूर ठेवणारा योग; आधुनिक मराठीत रसायन म्हणजे कारखान्यात तयार होणारे द्रव्य. च्यवनप्राशाच्या बरणीवर 'रसायन' हे गौरवाचे पद असते आणि शेजारच्या बरणीवर 'रसायनविरहित' हाही गौरवच असतो. विकणाऱ्याला दोन्ही अर्थ सोयीचे. विकत घेणाऱ्याने कोणता घ्यावा?

कायद्याची भाषा या मानाने स्वच्छ आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली २०१६ साली आरोग्यपूरकांविषयी नियम झाले. त्यांनुसार अशा प्रत्येक वेष्टनावर ही वस्तू औषधी उपयोगासाठी नाही, सांगितलेल्या दैनिक प्रमाणाहून अधिक घेऊ नये, आणि विविधतापूर्ण आहाराच्या जागी ती वापरू नये, अशा अर्थाचा मजकूर असावा लागतो. म्हणजे ही पुरवणी आहे, उत्तरपत्रिका नव्हे, असे कायदा स्वतःच डब्यावर लिहावयास लावतो. प्रश्न इतकाच उरतो की तो मजकूर कोणत्या भाषेत असतो. वेष्टनावरील सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा, असा नियम आहे. त्याखेरीज अन्य भाषा वापरण्यास मनाई नाही, पण सक्तीही नाही. व्यवहारात बहुतेक उत्पादक इंग्रजीवर भागवितात. त्यामुळे दर्शनी भागावरील पिळदार दंडाचे चित्र सर्वांना वाचता येते आणि मागील बाजूची बारीक इंग्रजी ओळ शिरोळ, कागल वा राधानगरीकडून आलेल्या तालमीतल्या मुलाला वाचता येत नाही. तो मोजतो ते 'स्कूप'ने, आणि स्कूप हे माप डब्यागणिक बदलते. मूठ, वाटी, चिमूट यांच्यासारखे ते त्याच्या हाताला परिचित नाही. इशाऱ्याच्या या तीन ओळी मराठीत आणण्यास फार तर पंचवीस-तीस शब्द लागतील. त्यांत 'पूरक' हा शब्द न वापरता 'पुरवणी' वापरावा, एवढी एक सूचना परिभाषा ठरविणाऱ्यांना करण्याजोगी आहे.